फाटकाला जाळी ठोकताना

बंगलोर, रविवार सकाळ

प्रिय अण्णा,

तुम्ही गेल्यापासून आज पहिल्यांदाच तुम्हाला लिहिते आहे. कारण ऐकून हसाल. संध्याकाळी आपल्याकडे एक मांजर येणार आहे, आणि मी इतकी घाबरले आहे की सकाळपासून दोनदा हातोडी बोटावर मारून घेतली!

पांढरीशुभ्र, निळ्या डोळ्यांची आणि ठार बहिरी. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातल्या अक्कांची. त्यांच्या दारात दिवसभर घोड्यांचे जटके आणि लॉऱ्या. मागच्या महिन्यात जटक्याचं चाक तिच्या मागच्या पायावरून गेलं, आता लंगडतेही. काल अक्का म्हणाल्या, "तूच ने गं हिला. तुमच्यात अंगण हाय, गेट हाय. स्वल्प दिवस तरी सुखानं जगू दे तिला." मी पटकन "सरी, नेते," म्हटलं. घरी येताना फाटक नीट बघितलं. अंगण आहे खरं, पण फाटकाबाहेर रस्ताच ना!

म्हणून फाटकाला खालपर्यंत जाळी ठोकते आहे. उडी जमणार नाही, म्हणून खिडकीपाशी ठेंगणा खोका ठेवला. गोधडी लाकडी फळीवर घातली, म्हणजे फळीवर टकटक केलं की तिच्या अंगाला कळेल. आईला बजावलं, "मागून जाऊन उचलायचं नाही हं. आधी समोर जायचं, तिला दिसायचं, मग हात लावायचा."

आई माझ्याकडे बघतच राहिली. "तुला गं हे सगळं कुणी शिकवलं?"

"पुस्तकात वाचलं," मी म्हटलं. खोटं, अण्णा! तुम्ही शिकवलंत.

कारखान्यात इंजिनं तपासायच्या खात्यात, त्या कानठळ्या बसवणाऱ्या आवाजात, तुमची उमेदीची वर्षं गेली. चीनच्या लढाईच्या वेळी तर दोन-दोन पाळ्या. त्यानंतर एकदा मी पाठीमागून तीनदा "चहा" म्हणाले आणि तुम्ही वळला नाहीत. मी समोर आले तेव्हा तुमचा चेहरा कसा झाला होता! "आईला सांगू नकोस," म्हणालात. "नोकरी जाईल, क्वार्टर जाईल, तुझं कॉलेज राहील."

मग डॉक्टरी तपासणी आली. डॉक्टर मागे उभा राहून आकडे पुटपुटणार, आणि समोरच्या औषधांच्या कपाटाच्या काचेत त्याचे ओठ दिसणार, हे तुम्ही हेरून ठेवलं होतंत. आठवडाभर आपण भांड्यांच्या कपाटासमोर सराव केला. मी डॉक्टर! आई बाजारातून आली की आपण गुपचूप पांगायचो. तुम्ही पास झालात, त्या दिवशी मला मसाला डोसा मिळाला. किती फुशारले होते मी!

सहा महिन्यांनी तुमच्या सायकलमागून लॉरी आली.

त्या लॉरीचा ड्रायव्हर आपल्या दारात हात जोडून रडत होता, हे तुम्हाला कोण सांगणार? "हॉर्न होडदे अम्मा, हॉर्न होडदे," हॉर्न दिला, दिला म्हणत होता. आईनं त्याला नाही नाही ते शाप दिले. अजून देते. देवापुढे दिवा लावतानाही त्याचं वाटोळं मागते. आणि मी त्या दिवशी दाराआड उभी होते. तो खरं बोलतोय हे सगळ्या घरात एकट्या मला ठाऊक होतं.

कधी कधी तुमचा फार राग येतो. शाळकरी पोरीच्या ओटीत असलं गुपित घालतं का कुणी? मग वाटतं, मी तरी कॉलेजच्या लोभानं गप्प बसले ना? तपासणीत नापास झाला असतात तर घरी बसला असतात. चिडचिड केली असतीत. पण असता!

आता ते मुकं जनावर येणार. त्याला काय धोका आहे हे घरात मीच ओळखून आहे, आणि माझ्या हातून पुन्हा तेच झालं तर? मघाशी जटकेवाल्यांना वाचता यावं म्हणून कन्नडमध्ये पाटी लिहिली, 'मांजर बहिरी आहे, सावकाश जा.' आई हसली, "अगं, गल्लीभर दवंडी कशाला?" मला हसू आलं नाही.

अण्णा, जाळीचे शेवटचे चार खिळे ठोकून मी आत जाणार आहे. आई कदाचित माझं तोंड बघणार नाही, तुमच्या फोटोला हार घालणार नाही. पण मांजर घरात यायच्या आत तिला सांगते. त्या माणसानं हॉर्न वाजवला होता, हे सांगते. शब्द देते तुम्हाला.

तुमची,
कुसुम