रामकाठीचे बी आणि खर्ची पडलेले दात

मी, चिमाजी गेनबा कोंडे, वय सत्तरीच्या घरात, राहणार कामथडी, संस्थान भोर, डोके ठिकाणावर असताना व कोणी दंडुका न दाखविता हे मृत्युपत्र आनंदराव मास्तरांकडून लिहवून घेतो. डोक्याबद्दल मास्तरांना शंका आहे. ती त्यांनी कागदावर आणू नये.

१. घर, जमीन व बैलजोडी मुलगा बाजी यास. तंटा नाही.

२. पुतण्या नाथा यास माझी काठी, शेळ्या हाकण्यासाठी. शेळीच्या पोटातून आलेले बाभळीचे बी लवकर उगवते, असे तो गावभर सांगतो. उगवते हे खरे आहे. मला मान्य नाही.

३. पडवीतली सावलीची जागा, सूप व चाळण. येथे मी चाळीस वर्षे झाडांचे बी सुकविले. बी रणरणत्या उन्हात मरते आणि ओले कोंडले तर कुजते. म्हणून सावलीत सुकवून दाताखाली धरावे. दबले तर ओले. कट् वाजले तर राखेत घालून गाडग्याचे तोंड लिंपावे. या कामी माझे सगळे दात खर्ची पडले, शेवटचा गेल्या शिमग्याला.

आता मुख्य गोष्ट. बांधावरची रामकाठी बाभूळ, जिच्या सरळ लाकडावर गावाची औते चालली, ती यंदा वादळात पडली. तशी दुसरी गावात नाही. तिचे शेरभर बी काय ते उरले. ते सुकले की नाही हे मला दातांवाचून कळेना, आणि जीव थाऱ्यावर राहीना.

बाजीने चावून पाहिले. म्हणाला, "आबा, मला समदं सारखंच लागतंय." नाथा म्हणाला, "तात्या, शेळीला चारा की."

राहिली सून सोजराबाई. लग्नाच्या वर्षी तिने माझे बियाण्याचे गाडगे रिकामे करून त्यात लोणचे घातले. तेव्हापासून अकरा वर्षे आमचे बोलणे नाही. लोणचे फार चांगले झाले होते, हेही मी कधी बोललो नाही.

काल तिच्यापुढे मूठ उघडली. म्हटले, "पोरी, बघ चावून."

कट् वाजले. ती गालावर हात धरून म्हणाली, "सुकलंय, मामंजी. माझा दात ग्येला, पर त्याला ओरखडाबी न्हाई."

मी बोळक्या तोंडाने हसलो, तीही हसली, मग मला रडू आले. राख तिनेच चाळली, गाडगेही तिनेच लिंपले.

सबब गाडगे, पडवी, सूप व चाळण सोजराबाईची. बाजीने त्यांस हात लावू नये. लोणच्यासाठी तिला वेगळे गाडगे घेऊन द्यावे.

तिला वाटा मिळत असल्याने तिची साक्ष चालत नाही, असे मास्तर म्हणतात. म्हणून पुरावा जोडला आहे.

निशाणी डाव्या हाताचा अंगठा : चिमाजी गेनबा कोंडे
साक्षीदार : भिमा सोनबा, कोंडिबा, राहणार कामथडी
हस्ताक्षर : आनंदराव मास्तर
मुक्काम कामथडी, तारीख ११ माहे मे सन १९३६

सोबत : दात, नग एक.