हिच्या कोपराची हकीकत

१२ नोव्हें. ८४
हिचं उजवं कोपर पुन्हा. वर्ष होत आलं. हात सरळ होत नाही, वेणीपर्यंतही पोचत नाही. सकाळी डाव्या हाताने नारळ खवत होती. म्हटलं, "सव्यसाची झालीस." हसली नाही.

१५ नोव्हें.
इथल्या डॉ.कडे तिसरी खेप. प्रश्न हिला, उत्तरं माझी. "रात्री दुखतं?" मी: "एकादशी न धरणारी बाई, ॲस्पिरिनचं व्रत मात्र रोज रात्री." डॉ. हसले. संधिवात म्हणाले, शेक द्या.
बाहेर आल्यावर ही: "व्रत कसलं हो. ती गोळी घेतली की अर्ध्या तासात थांबतं. तेवढंच सांगायचं होतं."
"मग बरंच की," म्हणून रिक्षाला हात केला.

२८ नोव्हें., कोल्हापूर
मेहुण्याचा हट्ट, म्हणून एस.टी.ने घाट चढून आलो. हाडांचे डॉ. तरुण. मी हकीकत सुरू केली, तर म्हणाले, "काका, तुम्ही जरा थांबा. काकू, तुम्ही सांगा."
हिने गोळीचं सांगितलं. डॉ.नी पेन खाली ठेवलं. "हे आधी कुणाला सांगितलं होतंत?"
"ह्यांना."
वीस वर्षं वार्ताहर. होडी बुडाली तर खलाशाला गाठून विचारतो, मालकाच्या सांगण्यावर बातमी देत नाही. आणि घरात...

२९ नोव्हें.
निरनिराळ्या बाजूंनी नवे एक्स-रे फोटो. कोपराच्या हाडात तांदळाच्या दाण्याएवढी गाठ. अशी गाठ क्वचित, कोपरात तर फारच. रात्री दुखणं आणि त्या गोळीने थांबणं, हीच तिची खूण. "बहुधा साधीच आहे. पण काढून तपासल्याशिवाय खात्री देत नाही."
मी विचारलं, हात सरळ होईल?
"वर्षापूर्वी आला असतात, तर हो म्हणालो असतो."

४ डिसें.
ऑपरेशन झालं. गाठ तपासायला गेली. माफी मागायची ठरवून खाटेजवळ गेलो, तोंडून निघालं, "चहा आणू?"
ही: "आतलं ते गेलं हो. हे टाक्यांचं दुखतंय, ते वेगळं."
वेगळं. वर्षभर तिला हा फरक कळत होता. विचारलं कुणी?

१४ डिसें.
टाके काढले. रिपोर्ट अजून नाही. हात होता तिथेच अडतो. डॉ.: "काकू, रात्री दुखतं का आता?"
हिने सवयीने माझ्याकडे पाहिलं.
मी खिडकीबाहेर पाहत राहिलो. डॉ. थांबले. मीही.