गावपळणीचे फोटो

आई,

तुझ्या खानावळीचं आता इंटरनेटवर एक पान आहे. ते मी तयार केलं. तू गेलीस तेव्हा मुंबईला फोन करायचा तरी बाजारातल्या बूथवर जावं लागायचं, म्हणून थोडं समजावून सांगते. एक जागा आहे, जिथे लोक आपापल्या नावाने येतात आणि एकमेकांशी बोलत बसतात. कुणी काही लिहिलं किंवा फोटो लावला की तो त्याच्या ओळखीच्या सगळ्यांना दिसतो, आणि त्यांना आवडला तर पुढे त्यांच्या ओळखीच्यांना. प्रत्यक्षात सगळे आपापल्या घरी कॉम्प्युटरसमोर एकटे असतात. यावर तू काय म्हणाली असतीस ते मला माहीत आहे. "आणि जेवतत कधी?"

मी पुण्यात टेलिकॉमच्या कंपनीत इंजिनिअर आहे. संदेश एका ठिकाणाहून निघून दुसऱ्या ठिकाणी कमीत कमी बिघडून कसा पोचेल, हे बघणं माझं काम. म्हणून जबाबदारीने सांगते, तुझी पद्धत चांगली होती. मागच्या दोन खोल्यांत उतरलेला पाहुणा निघाला की तू त्याच्या हातावर मसाल्याच्या दोन पुड्या ठेवायचीस. एक घरासाठी, एक शेजाऱ्यांसाठी. बेळगावच्या एक बाई एकदा म्हणाल्या, "शेजाऱ्यांशी आमचं पटत नाही हो." तू आत गेलीस आणि आणखी एक पुडी घेऊन आलीस. "मगे तेंका दोन दिया. पटतला." पुढच्या मे महिन्यात त्या बाई आल्या नाहीत, त्यांचे शेजारी आले. मी तेव्हा शाळेत होते, आणि मला हा निव्वळ योगायोग वाटला होता. ती जाहिरात आहे हे तुला ठाऊक होतं की नाही, ते मी आजही सांगू शकत नाही. तुझ्या चेहऱ्यावरून काही कळायचं नाही. माझ्याही कळत नाही, असं काकी म्हणते.

अठ्ठ्याण्णव साली दहावीच्या सुट्टीत मी रस्त्याकडे लावायला फळा रंगवला, तो तुला आठवत असेल. निळ्या रंगावर पांढरी अक्षरं, पट्टीने आखलेली. 'घरगुती मालवणी जेवण. सर्व प्रकारचे मासे मिळतील.' तू हात पुसत बाहेर आलीस, फळा वाचलास आणि रॉकेलचा बोळा घेऊन 'सर्व प्रकारचे' एवढंच पुसून काढलंस. रंग ओला होता, त्यामुळे तिथे एक निळसर डाग राहिला. मी चिडून विचारलं, असं का केलंस. "सगळे मासे खंय मेळतत गो? दर्यार काय तुझ्या बापाशीचो हुकूम चलता?" बाबा तेव्हा बोटीवर होते, आणि घरातसुद्धा त्यांचा हुकूम चालत नव्हता, हे आपल्या दोघींनाही माहीत होतं. मला हसू आलं आणि ते दाबायला मी ब्रश धुवायला विहिरीवर गेले. पान तयार करताना मी प्रत्येक वाक्य त्या बोळ्याने पुसून बघितलं. आता तिथे एवढंच आहे: सकाळी रापणीच्या जाळ्यात जे येईल, ते दुपारी ताटात असेल.

तू गेल्यावर काकीने खानावळ चालवली. तुझी जाऊ म्हणून ती तुझ्या हाताखाली राबली तेव्हा कुरकुर करायची, पण कढीत एक सोल कमीजास्त होऊ दिलं नाही. गेल्या दोन वर्षांत मात्र हमरस्त्यालगत मोठी हॉटेलं आली आणि आपल्याकडे वळणाऱ्या गाड्या कमी झाल्या. यंदा गणपतीत काकी म्हणाली, "ह्यो हंगाम बघतंय. पावणे नाय इले तर कुलूप घालतंय नि झिलाकडे जातंय मुंबयक. माका आता दम नाय." ती धमकी देत नव्हती. तिचे गुडघे मी बघितले होते. मी पुण्याला परतले आणि पान सुरू केलं. तुझ्या चुलीचे, अंगणातल्या फणसाचे आणि ताटांचे फोटो लावले. दिवाळीनंतर पहिली मोठी चौकशी आली, पुण्याच्याच सात जणांची. मार्गशीर्षातले तीन दिवस. मी लगेच 'हो' लिहिलं.

तासाभरात काकीचा फोन आला. मीच तिला आनंदाने कळवलं होतं. "गो चेडवा, मार्गशीर्षात येवा म्हणान सांगलंस तेंका?"

"हो. दोन्ही खोल्या भरल्या."

"आणि यंदा देवाक कौल लावचो आसा, ता खंय इसारलंस? कौल झाल्याबगर कोण कोणाक शब्द दिता?"

आपल्या गावात हे लहान मुलालाही कळतं. गावपळणीचं वर्ष आलं की देवाचा कौल होईपर्यंत कुणी लग्न ठरवत नाही, पाहुण्याला बोलावत नाही. कौल झाला की सगळा गाव गुराढोरांसकट, कोंबड्या-कुत्र्यांसकट, घरं सोडून शिवेबाहेर जातो आणि तीन दिवस तीन रात्री झोपड्यांत राहतो. चौथ्या दिवशी पुन्हा कौल, आणि तो मिळाला तर परत. माझ्यासमोर पुण्याचं कॅलेंडर होतं, त्यात हे नव्हतं. कौल झाला आणि गावपळण नेमकी त्याच तीन दिवसांत आली. मी पैसे परत करण्याचा निरोप नीट लिहून काढला. काकीने ऐकून घेतला आणि म्हणाली, "येव नको म्हणान सांगू नको. वयनीन तेंका व्हरल्यान तसा ह्येंका व्हरूया."

'तेंका' म्हणजे तू बरोबर नेलेले कोल्हापूरचे ते निवृत्त मास्तर आणि त्यांच्या बाई. तुझ्या वेळच्या शेवटच्या गावपळणीत तेही असेच अचानक उगवले होते. तू डोक्यावर टोप, काखेत कोंबडी घेऊन निघालेली आहेस. ते दोघे बॅगा घेऊन दारात उभे आहेत. तू त्यांना सगळं एका वाक्यात सांगतेस आणि कोंबडी मास्तरांच्या हातात देतेस. "धरा वायच." मास्तर कोंबडी धरून ओहोळापलीकडे आपल्या झोपडीपर्यंत चालत येतात. तीन दगडांच्या चुलीवर तू बांगड्याचं तिखलं करतेस, शेजारच्या झोपडीत भजन चालू आहे, बायका फुगड्या घालतायत, आणि मास्तरांच्या बाई पदर खोचून त्यांच्यात शिरतात. दुसऱ्या दिवशी मास्तर म्हणाले, "मी वर्तमानपत्रात लिहितो अधूनमधून. यावर लेख लिहिणार. लांबून लोक येतील बघायला." तू भाकरी थापत होतीस, थांबली नाहीस.

"माज्या जेवणाचा लिवा. ह्याचा नको."

"का हो? चांगली प्रसिद्धी होईल गावाची."

"लोक बघूक इले तर गाव रिकामो कसो रवतलो?"

मला तोवर वाटत होतं की गावपळण ही भीतीची गोष्ट आहे. भूतबाधा टाळायची म्हणून मोठी माणसं करतात आणि शिकलेल्यांनी मुकाट सोसायची. तुझं उत्तर देवभोळं नव्हतं. ते मला गणितातल्या सिद्धतेसारखं वाटलं. त्यात काढून टाकण्यासारखा एकही शब्द सापडला नाही.

पुण्याचे सात जण आले. मला रजा नव्हती, काकीने सगळं नंतर सांगितलं. सुरुवातीला बावचळले, मग काकीने त्यांना पाणी भरायला लावलं आणि ते माणसाळले. त्यांच्यातला एक जण कायम कॅमेरा गळ्यात घालून असायचा, सॉफ्टवेअरमधला, माझ्याच वयाचा. ओहोळाच्या साकवावर उभा राहून तो पलीकडच्या रिकाम्या रस्त्याकडे बघत होता. "पाचच मिनिटं जाऊन आलो तर?" काकी लाकडं सारत म्हणाली, "थंय आज आमीच नाय, तू कित्याक रे बाबा? तुका चाय कोण करतला?" तो गेला नाही. पण साकवावरून त्याने रस्त्याचा फोटो काढला. बंद दारं, रांगोळी नसलेली अंगणं, आणि वळणावर तुझा फळा. पुण्याला गेल्यावर त्याने झोपड्यांचे, टोपल्याखालच्या कोंबड्यांचे आणि त्या रस्त्याचे फोटो लावले आणि खाली खानावळीच्या पानाचा पत्ता दिला.

त्या आठवड्यात पानावर जेवढे लोक आले तेवढे आधी कधीच आले नव्हते. सगळ्यांचा प्रश्न एकच, पुढची गावपळण कधी? सहली नेणाऱ्या एकाने विचारलं, बस आणली तर कमिशन किती, आणि देवाचा कौल आधी कळवता येईल का. मी हे सगळं काकीला फोनवर वाचून दाखवलं. ती म्हणाली, "येतत तर येवंदेत गो. खानावळ तरी चलतली." तिचं चूक नव्हतं. ते फोटो राहिले तर खानावळ राहणार होती. काढायला लावले तर वैशाखात कुलूप लागण्याची शक्यता जास्त होती. मी दोन्ही बाजू मांडून बघितल्या आणि मग तू मास्तरांना काय म्हणाली होतीस ते तिला सांगितलं. ती तेव्हा ओहोळावर भांडी घासत होती, तिने ऐकलं नव्हतं.

"वयनीन असा सांगल्यान?"

"हो."

"मगे काढूक सांग ते फोटो." आणि पुढे, "जिती आसताना माका बोलूक दिल्यान नाय. आता मरान पण देना नाय."

फोटो त्याचे होते, माझ्या हातात काही नव्हतं. मी त्याला लिहिलं. आधी खासगीपणाबद्दल तीन मुद्दे लिहिले, ते मलाच कोरडे वाटले, म्हणून खोडले. मग तुझं एक वाक्य लिहिलं, प्रमाण मराठीत न करता, आहे तसं. संध्याकाळपर्यंत फोटो गेलेले होते. त्यांच्या जागी त्याने बांगड्याच्या तिखल्याबद्दल लिहिलं होतं, बरंच लांब. माणसांचा लोंढा ओसरला. सहलवाल्याने पुन्हा विचारलं नाही. पण तिखल्याबद्दल वाचून दोघं-तिघं करत लोक येऊ लागले आहेत. बहुतेक शनिवारी एक खोली भरते, कधी दोन्ही. काकीने कुलूप लावायचं अजून ठरवलेलं नाही, आणि न लावायचंही नाही. हंगाम संपायला वेळ आहे. यापेक्षा जास्त काही मी तुला खात्रीने सांगू शकत नाही.

आता राहिलं ते. त्याला लिहिताना मी वाक्याची सुरुवात 'माझी आई म्हणते' अशी केली होती. 'म्हणायची' असं लिहायला हवं होतं, आणि माझ्या हातून अशा चुका सहसा होत नाहीत. त्याचं उत्तर आलं: फोटो काढून टाकले, क्षमा करा, तिकडे आईंची ओळख झाली नाही याचं वाईट वाटलं, त्यांना माझा नमस्कार सांगा.

मी 'सांगते' असं लिहून पाठवलं. त्याला दुरुस्त केलेलं नाही. हा कागद टाकायला कुठे टपालपेटी नाही, ते मला कळतं. पण कबूल केलेला नमस्कार माझ्याजवळ पडून होता.