सँडविचच्या दुकानावर पाळत

३ जून, सकाळी

आजपासून शिलाई मशीनला हात लावणार नाही. बायकोला, सुमित्राबाईंना, तसं स्पष्ट सांगितलं. म्हैसुरातल्या नजरबादचं टेलरिंगचं दुकान माझ्या वडिलांचं, पण पाटीवर नाव बायकोचं, गिऱ्हाइकं बायकोची, आणि मी मागे बसून ब्लाउजना हुक लावणार. पुरे झालं.

मी आता मिस्ट्री शॉपर. म्हणजे साधं गिऱ्हाईक बनून दुकानात शिरायचं, गुपचूप फोटो काढायचे, कंपनीला रिपोर्ट धाडायचा. आमच्या स्मृतीने, म्हणजे मुलीने, ऑनलाइन नाव नोंदवून दिलं. 'क्रस्टी कट्टा' ही सँडविचची कंपनी, म्हैसुरात तीन दुकानं. रिपोर्ट पास झाले की मी कायम. नाही झाले तर पुन्हा हुक. सुमित्राबाई म्हणाल्या, "सरी री, बरं तर, बघा." त्या 'बघा'त काय काय होतं ते इथे लिहीत नाही.

५ जून

नियम वाचले. फोटोत काउंटर, टेबलं, सँडविच आणि स्टाफची नेमप्लेट हवी. ओळख उघड झाली की काम गेलं. बाकीचे लोक म्हणे फोनवर बोलायचं नाटक करून फोटो काढतात. हौशी मंडळी.

मी राखाडी सफारी शिवली. (मशीनला हात लावावा लागला, पण ते ऑफिसचं काम.) आतून फोनचा खिसा, दुसऱ्या बटणाच्या जागी मोठं काज, काजातून कॅमेरा. इअरफोनचं बटण दाबलं की फोटो. आरशासमोर ताठ उभं राहून माप घेतलं. बेमालूम.

९ जून

पहिलं दुकान. ऐटीत बसलो. कुणाला काडीचा संशय नाही. काउंटरवरच्या मुलाने विचारलं, अंकल, गरम होतंय का, एसी वाढवू का. सर्व्हिसला पूर्ण मार्क.

घरी येऊन फोटो पाहिले. सगळ्यांत छत. छताचा पंखा, छताचा दिवा, एकात माझी हनुवटी. स्मृतीचं मत असं की बसल्यावर पोट पुढे येतं आणि काज वर बघतं. आमच्या घराण्यात माप उभ्यानेच घेतात, बसलेल्या माणसाचं माप कुणी घेतल्याचं ऐकिवात नाही. तेव्हा दोष खुर्च्यांचा. 'खुर्च्या फार बुटक्या' असं रिपोर्टमध्ये ठणकावून लिहिलं.

१० जून

कंपनीच्या पवनकुमारचा बेंगळुरूहून फोन. छत त्यांनीच बसवलंय, त्याचे फोटो नकोत म्हणाला. एवढी वेळ चालवून घेतो, पुढचे दोन नीट द्या. तरुण मुलगा आहे, शिकेल.

२१ जून

दुसरं दुकान. बसायचंच नाही, उभ्याने खायचं, असा बेत. तिथे पोचल्यावर आठवलं, आज एकादशी. आमच्या घरात तुळशीची माळ. पवनकुमार कुठलं पंचांग बघून तारखा देतो कोण जाणे.

डगमगलो नाही. ब्रेड बोटांनी तपासला. पोत मऊ, वीण सैल, धुतल्यावर आटेल. चवीच्या रकान्यात 'उपास' लिहिलं. प्रामाणिकपणा अंगात असावा लागतो.

फोटो या वेळी एकदम स्पष्ट. फक्त उभा असल्याने सगळे स्टाफच्या गळ्याशी आले. कॉलर, कॉलर, अ‍ॅप्रनचा पट्टा, खांद्याची शिवण. आणि काय ती शिवण! कॉलरला आत कॅनव्हासचं अस्तर नाही, पट्ट्याला एकेरी टाके. त्यावर दुकानाच्या छापील कागदावर दोन पानं लिहिली.

२३ जून

पवनकुमारचा फोन. दोन्ही पानं वाचली, असं दोनदा म्हणाला. भारावला असणार. मग म्हणाला, सर, सँडविचबद्दल एखादी ओळ लिहाल का? तिसरं, हिनकलचं दुकान ही शेवटची संधी.

झोप नीट लागली नाही. सुमित्राबाईंनी हुकांचा डबा माझ्या जागेवर आणून ठेवलाय.

२८ जून, संध्याकाळी

हिनकल. सगळं जमलं. काउंटर आलं, टेबलं आली, सँडविच आलं, खाल्लंसुद्धा (कांदा-लसूण सोडून, चटणी बरी). उरली फक्त नेमप्लेट. काउंटरवर विद्याश्री नावाची मुलगी. तिच्या अ‍ॅप्रनचा पट्टा खांद्यावर उसवलेला. एका हाताने पट्टा धरून दुसऱ्या हाताने ती काकडीचे काप मांडत होती.

बघायचं नाही असं ठरवलं. भिंतीकडे बघितलं. रस्त्याकडे बघितलं. शेवटी उठलो. कॉलरमागे सुईदोरा असतोच, आमच्या लोकांत सगळ्यांच्या असतो. काउंटरपलीकडे जाऊन दुहेरी टाके घातले. दोरा तोडायला वाकलो तर फोन खिशातून निसटून चटणीच्या डब्यात.

तिने तो पुसून हातात दिला आणि हळूच कन्नडात म्हणाली, "अंकल, मिस्ट्री शॉपर तुम्हीच ना? पहिल्या दुकानापासून आमच्या तिन्ही दुकानांच्या ग्रुपवर तुमचा फोटो आहे. वयस्कर माणूस, एवढ्या उकाड्यात सफारी घालून येतो, म्हणून कुणी काही बोललं नाही."

फोटो दाखवलाही. चेहरा, सफारी, काज, काजातला कॅमेरा. छत अजिबात नव्हतं.

फार वाईट वाटलं. बस सोडली, चालत आलो. रिपोर्टमध्ये 'ओळख शेवटपर्यंत गुप्त' असं लिहिलं.

२ जुलै

मेल आला. पवनकुमारही त्याच ग्रुपवर आहे. माझं काम थांबवलंय. मात्र अ‍ॅप्रनवरची दोन पानं वरच्या साहेबांना पटली, तिन्ही दुकानांचे अ‍ॅप्रन नव्याने शिवायचेत. ऑर्डर माझ्या नावे नाही. सुमित्रा टेलर्सच्या नावे.

सुमित्राबाईंनी चष्मा लावून मेल वाचला. हसतील म्हणून वाट बघत उभा राहिलो. हसल्या नाहीत. मापाची टेप माझ्या गळ्यात अडकवली आणि म्हणाल्या, "उद्या हिनकलला जाऊन पोरींची मापं घेऊन या री. या वेळी दारातच सांगा, आपण कोण ते."