उजव्या हाताची बाजू

सोलापूर, ता. ११ फेब्रुवारी २०२४

ती. म्हाळसाअक्कास,
जोतीरामचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि ऐकू आलंच तर तू भांडतेस, म्हणून कागदच बरा. आईला दवाखान्यातून घरी आणलं. डावं अंग अजून लुळंच आहे, पण उजव्या हातात असा जोर की काल माझ्या हातातलं ताट हिसकावून घेतलं. लई चिडते. सारखं एकच, की संडासला मला कुणी धरून न्यायचं न्हाय, माझी मी जाणार.

तिची खोली पार बदलली. उंबरा काढून फरशी सपाट केली. पाय जमिनीला टेकावेत म्हणून खाटेचे खूर कापून घेतले, खाटेपासून संडासापर्यंत धरायला दांडा बसवला. व्यायाम शिकवायला येणाऱ्या मॅडमनी बजावलंय की उतरायचं ते उजव्या बाजूनंच, चांगला हात मोकळा पाहिजे. खोली एवढीशी, एक बाजू भिंतीला लागतेच. ती डावी लावली. त्यामुळं उशी उत्तरेला आली. आता तू कपाळावर हात मारशील, ठाऊक आहे. पण परवा ती दांडा धरून चार पावलं चालली गं. तुझ्या भावजयीनं, दुर्गानं लगेच दृष्ट काढली.

रागावलीस तरी माया पातळ करू नको.

तुझा
जोतीराम

मंगळवेढा, ता. १६ फेब्रुवारी

चि. जोतीरामास अक्काचे अनेक आशीर्वाद.

आई चालली वाचून डोळ्याला पाणी आलं. फुडं खाटंचं वाचलं आन हातातला घास खाली ठिवला. आरं, दक्षिणेला पाय करून मड्याला निजवत्यात. आपल्या बाला शेवटचा तसाच निजवला हुता. तू ल्हान हुतास, मी बघितलंय. त्या मॅडमला काय, ती आज हाय, उद्या न्हाय. आईचं काय बरंवाईट झालं तर भावकी त्या मॅडमला इचारणार न्हाय, तुला इचारंल. पोटच्या लेकानं जित्या आईला मड्यावानी निजवलं म्हनंल. मी तर तुला जल्मात माफ करनार न्हाय. खाट फिरीव. दुर्गाला म्हनावं, हितं हुशारी नगं.

ज्वारी काढणीला आलीया. झाली की आईच्या भाकरीला धाडते. तिच्या डोक्यावरनं माझा हात फिरीव.

तुझी
अक्का

सोलापूर, ता. ८ मार्च

ती. अक्कास सा. न.

काल फोनवर तू रडत होतीस की माझ्याच पत्रानं आईला पाडलं. मी काय म्हणत होतो ते तुला ऐकू गेलं नाही, म्हणून लिहितो.

दुर्गा म्हणाली होती की फिरवू नका. मॅडमनी तर कसं उतरायचं ते मला करून दाखवलं होतं. तरी दुर्गा बाजारला गेल्यावर आईला खुर्चीत बसवलं आणि मीच खाट ओढून उशी दक्षिणेला केली. ती बघत होती. अक्कानं लिवलं का, असं तिनं विचारलं. मी हो म्हणालो.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती उतरायला गेली. चांगला हात भिंतीकडं, लुळा हात मोकळा. दांडा लुळ्या हाताकडं आला, धरता येईना. खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टर म्हणतात की तिच्या हृदयाला ऑपरेशन सोसणार नाही.

अक्का, तुझं खरं मानून फिरवली असती तर मला एवढं लागलं नसतं. मला उत्तर-दक्षिणेचं काही वाटत नाही. मला भीती वाटली ती उद्या भावकी माझ्याकडं बोट दाखवील त्याची. आईच्या जिवावर मी माझं नाव राखायला गेलो.

काल आईनं दुर्गाला सांगितलं की बाजू चुकलीया हे तिला तवाच कळलं होतं, पर लेकरांच्या मनाला बरं वाटतंय तर ऱ्हाऊंदे म्हणून ती बोलली नाही. हे ऐकल्यापासून मला तिच्या खोलीत जाववत नाही.

खाट परत पहिल्यासारखी करू का, असं मी मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या की कशीही ठेवा, आता त्यांना उतरायचं नाही.

तू ये. माया ठेव म्हणून लिहायला हात रेटत नाही.

जोतीराम