फक्की मारणाऱ्या मुली

बाई, आज भाचीचा खो-खोचा सामना बघायला लोणावळ्याला गेले होते. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी मैदान दिसलं की आधी तुम्हीच आठवता. कामशेतच्या आपल्या शाळेत मैदान आखायचं काम मुलींचं. आम्ही सुतळी धरून चुन्याची फक्की मारायची, कोपरापर्यंत पांढरं व्हायचं आणि मग कडेला बसून मुलांचा खेळ बघायचा. तुम्ही नव्या आलात, आठवडाभर नुसतं पाहिलंत आणि एका दुपारी खो-खोच्या खुंटाला पाठ टेकून उभ्या राहिलात. "ज्यांनी आखलं त्या आधी खेळतील. पोरांनो, बसा जरा." मुलं हसली. हसत हसत बसलीसुद्धा.

तालुक्याला मुलींचा संघ न्यायचं निघालं, तेव्हा मुख्याध्यापक म्हणाले, "पण सोबत बाई कोण जाणार?" तुम्ही म्हणालात, "सर, मी काय बुवा आहे?" मग तुम्ही आमच्या तांदळाच्या दुकानात आलात. अब्बा पोत्यावरून उठले नाहीत. "बाई, आमची पोरगी चड्डी घालून पळणार न्हाई." तुम्ही त्यांच्याच बोलीत उतरलात. "सलवारीत पळंल." "अन् पायात अडकली तर?" "पडंल. पडली तर उठंल की, भाऊ." अब्बांनी चहा सांगितला आणि आत उभ्या उभ्या मी ओळखलं, आपण जाणार. पहिल्याच फेरीत हरलो. मी पडलेही. एसटीत तुम्ही माझा गुडघा पुसत होता आणि मला घर येऊच नये असं वाटत होतं.

आता मुख्याध्यापकांचा तो प्रश्न कुणी विचारत नाही. मुलामुलींत फरक करायचा नाही हा कायदा आहे. भाचीच्या शाळेत मुलींचा संघ जातोच, सोबत शिक्षिका असते, मैदानाच्या पाळ्या ठरलेल्या असतात. दहावीला मिळणाऱ्या खेळाच्या गुणांवर ती अकरावीचे बेत करते. आपल्या वेळी ते गुण मुलांच्याच वाट्याला जायचे, हे सांगितलं तर म्हणाली, "खाला, तुम्ही मुली भांडला नाहीत?" म्हटलं, आमच्यासाठी एक बाई भांडत होत्या. पुढचं सांगणार, तेवढ्यात तिच्या सामन्याची शिट्टी झाली.

सामना संपल्यावर धापा टाकत आली. "माझा शेवटचा खो पाहिलास?" "पाहिला की. लय भारी."

बाई, पाहिला नव्हता. मी तेव्हा पलीकडच्या खुंटाकडे बघत होते. तिथं कुणीच उभं नव्हतं.