रोपांच्या खोलीतला एसी

सर, तुमच्या स्मृतिग्रंथासाठी दोन पानं लिहून द्या म्हणून विभागातून सारखे फोन येताहेत. ‘शिस्तप्रिय गुरुवर्य’ असा विषयही सुचवलाय. हसू आवरेना मला. तुमची शिस्त म्हणजे डबा खाऊन झाला की केबिनचं दार लावून घोरायचं, आणि त्याआधी रोपांच्या खोलीतला एसी बंद करायचा. अजून दिसताय मला, बटण दाबून म्हणताय, “रिकाम्या खोलीला कशाला हवा गारवा?” रिकामी! माझी अख्खी पीएच.डी. तिथे ट्रेमध्ये उभी होती, दिव्यांच्या खाली.

पेशीतली प्रथिनं ठरावीक घडी पडली तरच काम करतात; त्या घड्या बिघडवणारं औषध मी निम्म्या रोपांना देत होते. घड्या बिघडल्या की पेशी नवं काम आवरतं घेते, घडी घालणारी मदतनीस प्रथिनं वाढवते, बिघडलेला माल मोडीत काढते. तरीही निभलं नाही तर मरते. पण औषध न दिलेली रोपंही नेमकं हेच करायला लागली. तुम्ही सगळ्यांसमोर माझे निकाल नाचवलेत. “बाई, हात धुता का हो कधी? औषध सगळीकडे सांडून ठेवलंय.” मी बुधवार पेठेतून तापमापक आणून त्या खोलीत ठेवला. एप्रिल महिना, दिवे चालू, एसी बंद. तुमची झोप होईपर्यंत खोलीची भट्टी व्हायची. घड्या उकाड्यानेच बिघडत होत्या. ते दाखवलं, तर चष्म्यावरून बघत म्हणालात, “आपण वनस्पतींवर प्रबंध लिहिताय, की माझ्या झोपेवर?” सगळे हसले. विषय माझ्याकडून काढून घेतलात आणि मला नव्या विषयावर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायला लावलीत.

अहो, बोटाच्या पेराएवढं रोप ते. काही बिघडलं की आधी थांबावं, दुरुस्त करावं, एवढं त्यालाही जमतं. तुम्हाला साधं ‘चुकलं’ म्हणता आलं नाही. एवढे मोठे प्राध्यापक! कीव येते मला तुमची. तुम्ही गेल्यावर, स्वतःच्या प्रयोगशाळेत, मी तोच काढून घेतलेला विषय पुरा केला. पेपर छापून आला त्या दिवशी विद्यार्थ्यांना पेढे वाटले, मग खोलीत जाऊन संतापाने रडले, कारण तो वाचायला तुम्ही नव्हतात.

स्मृतिग्रंथाला मी काही देणार नाही, हेही कुठे पाठवणार नाही. पण तुमच्यासारख्या माणसाच्या तोंडून ‘तुमचं बरोबर होतं’ ऐकायची हौस मला अजून आहे. तिचीच लाज वाटते.